न्याय करणाऱ्याचे मन

(एका विहारात भरलेल्या सभेत दिलेले भाषण)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो प्रथमदर्शनी आपणांस फार दूरचा वाटेल. न्यायालयात वकील असतो, साक्षीदार असतो, आरोपी असतो, हे आपण सर्व जाणतो. परंतु अमेरिकेतील मोठ्या खटल्यांत वकिलाच्या शेजारी आणखी एक मनुष्य टिपणवही घेऊन बसलेला आढळतो. तो कायदा शिकलेला नसतो. तो मानसशास्त्र शिकलेला असतो. त्याची दृष्टी आरोपीवर नसते, साक्षीदारावरही फारशी नसते. ज्यांना निकाल द्यावयाचा आहे, त्यांच्या चेहऱ्यावर ती खिळलेली असते. ह्या मनुष्याला तेथे ज्युरी-सल्लागार म्हणतात. हा व्यवसाय कसा जन्मास आला, तो कोणाच्या उपयोगी पडला आणि पुढे कोणाच्या हाती गेला, हे आज मी आपणांपुढे मांडणार आहे.

प्रथम ज्युरीची पद्धत थोडक्यात सांगतो. अमेरिकेत गंभीर गुन्ह्याचा निर्णय सामान्यतः बारा नागरिक देतात. ते कायदेपंडित नसतात. कोणी दुकानदार, कोणी शिक्षिका, कोणी कारखान्यातील कामगार, अशी ती माणसे असतात. गुन्हेगारी खटल्यात त्या बाराही जणांचे एकमत व्हावे लागते. त्यांची निवड होण्यापूर्वी त्यांना प्रश्न विचारले जातात. ज्याचा पूर्वग्रह उघड दिसतो, त्याला न्यायाधीश वगळतो. त्याशिवाय बहुतेक ठिकाणी दोन्ही पक्षांना काही ठराविक संख्येपर्यंत माणसे कारण न सांगता नाकारण्याचा हक्क असतो. हा कारण न सांगण्याचा हक्क आपण ध्यानात ठेवावा. पुढील सर्व कथेची किल्ली त्यातच आहे.

ज्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१३ ते १९१६ या काळात अध्ययन केले, त्याच विद्यापीठात पुढे रिचर्ड ख्रिस्टी नावाचे सामाजिक मानसशास्त्रज्ञ अध्यापन करीत होते. इटलीतील राजनीतिज्ञ मॅकिआव्हेली याच्या लेखनातून विधाने काढून ती लोकांपुढे ठेवावयाची, त्यांस ती कितपत मान्य आहेत हे विचारावयाचे आणि त्यावरून कोणता मनुष्य इतरांना आपल्या स्वार्थासाठी हातचे बाहुले बनवू पाहतो हे मोजावयाचे, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. फ्लॉरेन्स गाइस यांच्यासह लिहिलेला त्यांचा ह्या विषयावरील ग्रंथ १९७० साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी हा विद्वान प्रयोगशाळेबाहेर पडून न्यायालयात जाऊन बसला.

तो खटला पेनसिल्व्हेनिया राज्यातील हॅरिसबर्ग या शहरी चालला. व्हिएतनामच्या युद्धाला विरोध करणाऱ्या सात जणांवर सरकारने कटाचा आरोप ठेवला होता. हेन्री किसिंजर यांना पळवून नेणे आणि वॉशिंग्टनमधील सरकारी इमारतींना उष्णता पुरविणारी भुयारे उडवून देणे, असा तो कट असल्याचे सरकारचे म्हणणे होते. आरोपींत फिलिप बेरिगन हे कॅथलिक धर्मगुरू होते, एलिझाबेथ मॅकॲलिस्टर ही जोगीण होती. आणि बिहारमधील गया जिल्ह्यात जन्मलेले व पुढे पाकिस्तानी विचारवंत म्हणून ओळखले गेलेले इक्बाल अहमद हेही होते. हॅरिसबर्गचा परिसर जुन्या वळणाचा, सरकारवर विश्वास ठेवणारा. अशा ठिकाणी युद्धविरोधकांना न्याय मिळेल काय, ही शंका बचाव पक्षाला होती.

जे शुलमन हे समाजशास्त्रज्ञ आणि ख्रिस्टी यांनी स्वयंसेवक म्हणून ह्या आरोपींच्या साह्यास जाण्याचे ठरविले. त्यांनी प्रथम ८४० मतदारांना दूरध्वनीवरून प्रश्न विचारले. त्यानंतर २५२ जणांच्या घरी जाऊन सविस्तर मुलाखती घेतल्या. सरकारविषयी काय वाटते, युद्धाविषयी काय वाटते, धर्म कोणता, शिक्षण किती, वर्तमानपत्र कोणते, हे सर्व त्यांनी नोंदविले. या पाहणीत त्यांचीच एक समजूत खोटी ठरली. अधिक शिकलेला मनुष्य अधिक उदार असेल, अशी त्यांची कल्पना होती. हॅरिसबर्गमध्ये नेमके उलट आढळले. उदार विचारांचे शिकलेले तरुण ते शहर सोडून गेले होते. जे मागे राहिले, ते जुन्या मतांचे होते.

मग ज्युरी निवडली गेली. बचाव पक्षाने एकही साक्षीदार उभा केला नाही. ज्युरीने साठ तासांच्या आसपास विचारविनिमय केला. परंतु कटाच्या मुख्य आरोपांवर एकमत झाले नाही. दहा जण आरोपींना निर्दोष मानीत होते, दोघे दोषी मानीत होते. तुरुंगातून चोरून पत्रे पाठविल्याचा गौण आरोप तेवढा सिद्ध ठरला. एप्रिल १९७२ मध्ये मुख्य खटला असा बारगळला.

त्या दोघांपैकी एक स्त्री होती. तिच्या चार मुलांनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून युद्धात शस्त्र धरण्यास नकार दिला होता. अशी माता युद्धविरोधकांना दोषी ठरविणार नाही, असे बचाव पक्षाने गृहीत धरले होते. तिने त्यांना दोषी ठरविले. भगिनींनो आणि बंधूंनो, ह्या व्यवसायाच्या पहिल्या पानावरच त्याची मर्यादा अशी लिहिली गेली. मनुष्याचा पंथ कळला, घर कळले, शिक्षण कळले, म्हणून त्याचा निर्णय कळला असे होत नाही.

दुसरा खटला आपल्या अंतःकरणाला अधिक भिडणारा आहे. उत्तर कॅरोलिना राज्यात ब्यूफोर्ट परगण्याच्या तुरुंगात जोअॅन लिटल नावाची वीस वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी कैदेत होती. ऑगस्ट १९७४ मध्ये तिच्या कोठडीत गोरा तुरुंगरक्षक मृतावस्थेत सापडला. त्याच्या कमरेखाली वस्त्र नव्हते. त्याने आपल्यावर बळजबरी केली व आपण बर्फ फोडण्याच्या टोच्याने स्वतःचे रक्षण केले, असे तिचे म्हणणे होते. सरकारने तिच्यावर खुनाचा आरोप ठेवला. प्रारंभी ठेवलेला तो आरोप सिद्ध झाला असता, तर तिला देहदंड होता.

ड्यूक विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॉन मॅकॉनहे आणि त्यांचे सहकारी ह्या मुलीच्या बाजूने उभे राहिले. निरनिराळ्या परगण्यांत त्यांनी लोकमताची पाहणी केली, आणि ब्यूफोर्टच्या परिसरात वर्णद्वेष व पूर्वग्रह किती खोल आहेत ते आकड्यांनिशी न्यायालयापुढे मांडले. खटला रॅली शहरी हलविण्यात आला. तेथे जी ज्युरी बसली, तीत सहा गोरे आणि सहा कृष्णवर्णीय होते. १५ ऑगस्ट १९७५ रोजी ह्या बारा जणांनी दीड तासाच्या आत तिला निर्दोष ठरविले. एका निराधार मुलीच्या मागे शास्त्र उभे राहिले, म्हणजे काय होते, ते ह्या दिवशी दिसले.

परंतु ज्या विद्येला उपयोग आहे, तिला किंमतही येते. १९७७ साली आयबीएम ह्या बलाढ्य कंपनीवर एका प्रतिस्पर्धी कंपनीने दावा लावला असता, खऱ्या ज्युरीसारखी माणसे पैसे देऊन न्यायालयात बसविण्यात आली. दररोज सायंकाळी त्यांना आजच्या कामकाजाचे काय मत झाले ते विचारले जाई व त्यावरून कंपनीचे वकील दुसऱ्या दिवसाचा पवित्रा ठरवीत. हिला ‘छाया-ज्युरी’ असे नाव पडले. १९८२ साली ह्या सल्लागारांची राष्ट्रव्यापी संस्था स्थापन झाली. आज अशा सल्लागाराचे काम विविध प्रकारचे असते. तो लोकमताची पाहणी करतो, लुटुपुटीच्या ज्युरीपुढे खटल्याची रंगीत तालीम घेतो, निवडीच्या वेळी विचारावयाचे प्रश्न लिहून देतो आणि साक्षीदाराला उलटतपासणीत गोंधळून न जाण्याचा सराव देतो. ह्या सर्वांस मोठा पैसा लागतो. तो कंपन्यांपाशी असतो, धनिकांपाशी असतो. सरकारी खर्चाने वकील मिळालेल्या गरीब आरोपीपाशी तो बहुधा नसतो. जे शस्त्र दुर्बलाच्या रक्षणासाठी घडविले गेले, ते बलवानाच्या भात्यात जाऊन पडले.

मग पैशाने निकाल विकत मिळतो काय? ह्या प्रश्नाला शास्त्राचे उत्तर सावध आहे. हॅरी कॅल्व्हेन आणि हॅन्स झायसेल यांनी १९६६ साली ३,५७६ गुन्हेगारी खटल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्युरी आणि न्यायाधीश यांचे मत सुमारे ७८ टक्के खटल्यांत जुळले होते. पुढील संशोधकांनाही असे आढळले की, पुरावा भक्कम असेल तेव्हा ज्युरीच्या सभासदाचे वय, धंदा किंवा लिंग ह्यांवरून निकालाचे भाकीत फारसे करता येत नाही. नॅन्सी पेनिंग्टन आणि रीड हेस्टी ह्या मानसशास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखविली. ऐकणारा मनुष्य पुरावे सुटे सुटे लक्षात ठेवीत नाही; तो त्यांची सलग हकीगत रचतो. जी हकीगत अधिक सुसंगत, ती त्याला अधिक खरी वाटते.

आता मी मुख्य मुद्द्यावर येतो. मनुष्याच्या बाह्य लक्षणांवरून त्याचा निर्णय ओळखता येत नाही, हे जर शास्त्राचे सांगणे आहे, तर केवळ वर्णावरून माणसाला ज्युरीतून हाकलण्यास आधार कोणता? तथापि अमेरिकेत हेच शतकभर चालले. कायद्याने कृष्णवर्णीयांना ज्युरीबाहेर ठेवता येणार नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८८० सालीच दिला होता. दार कायद्याने उघडले. परंतु कारण न सांगता नाकारण्याच्या हक्काने ते आतून लावून घेतले गेले. १९८६ साली बॅट्सन खटल्यात न्यायालयाने सांगितले की, वर्णावरून असे नाकारता येणार नाही; तसा संशय आल्यास कारण द्यावे लागेल. न्यायमूर्ती थरगुड मार्शल, जे स्वतः कृष्णवर्णीय होते, त्यांनी त्याच वेळी बजावले की, हा हक्क समूळ नष्ट केल्याशिवाय हा अन्याय थांबणार नाही. कारणे शोधून काढणे कठीण नसते, हे ते जाणून होते.

त्यांचे भाकीत मिसिसिपी राज्यात खरे झाले. कर्टिस फ्लॉवर्स या कृष्णवर्णीयावर एकाच घटनेवरून एकाच सरकारी वकिलाने सहा वेळा खटला चालविला. ह्या सहा खटल्यांत मिळून ज्या ४२ कृष्णवर्णीयांना नाकारणे त्या वकिलाला शक्य होते, त्यांपैकी ४१ जणांना त्याने नाकारले. सहाव्या खटल्यात नाकारलेल्या पाच कृष्णवर्णीयांना १४५ प्रश्न विचारले गेले. निवडल्या गेलेल्या अकरा गोऱ्यांना मिळून केवळ १२. प्रश्न विचारण्याची कला कोणत्या कामी लावता येते, ते ह्या आकड्यांत पाहावे. १९१९ नव्हे, १९४९ नव्हे, २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली व पुढील वर्षी आरोपही मागे घेण्यात आले.

वगळलेला मनुष्य आत बसला, म्हणजे नेमके काय घडते? टफ्ट्स विद्यापीठातील सॅम्युएल सॉमर्स यांनी २००६ साली आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी सहा सहा जणांच्या २९ लुटुपुटीच्या ज्युरी बसविल्या. काहींत सर्व गोरे होते. काहींत चार गोरे व दोन कृष्णवर्णीय. खटला कृष्णवर्णीय आरोपीचा होता. मिश्र ज्युरींनी अधिक वेळ चर्चा केली व अधिक मुद्दे विचारात घेतले. विशेष हे की, मिश्र ज्युरीतील गोऱ्या सभासदांनीच अधिक तथ्ये मांडली आणि त्यांच्या चुका कमी झाल्या. इतकेच काय, चर्चेला आरंभ होण्यापूर्वीही ते आरोपीला दोषी ठरविण्याची घाई कमी करीत होते. शेजारच्या खुर्चीवर निराळा मनुष्य बसला आहे, एवढ्यानेच त्यांचे मन सावध झाले.

आपल्या देशात आता ज्युरी नाही. १९५९ साली मुंबईत नौदलाचे कमांडर नानावटी यांच्या खुनाच्या खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मताने त्यांना निर्दोष ठरविले. वृत्तपत्रांनी लोकमत आधीच तापविले होते. न्यायाधीशांना तो निकाल मान्य झाला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. तेथे नानावटी दोषी ठरले व १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला स्थान उरले नाही. परंतु ज्युरी गेली म्हणून न्याय करणाऱ्याचे मन गेले नाही. न्यायाधीश, पोलीस अधिकारी, पंचनाम्यावर सही करणारे पंच, नोकरीच्या मुलाखतीसाठी बसलेले मंडळ, हे सर्व मनुष्यच आहेत आणि त्यांच्यापुढे उभे राहणारे आपणच आहोत.

म्हणून मी आपणांस तीन गोष्टी सांगतो. साक्ष देण्याची वेळ आली, तर घडले तसे, घडले त्या क्रमाने, न वाढविता सांगा. तुटक सत्यापेक्षा जुळविलेले असत्य ऐकणाऱ्याला खरे वाटू शकते, हे विसरू नका. दुसरे, आपली जी मुले-मुली आज मानसशास्त्र व कायदा शिकत आहेत, त्यांनी ही विद्या अवश्य संपादन करावी, उदरनिर्वाहही तिच्यावर करावा. परंतु जोअॅन लिटलसारखी एखादी मुलगी जेव्हा एकटी उभी असेल, तेव्हा तिच्या बाजूला जाऊन बसण्याइतका वेळ राखून ठेवावा. आणि तिसरे, जेथे निर्णय होतात, तेथे आपली जागा घ्या. आपण एक शब्द उच्चारण्यापूर्वीही आपल्या असण्याने इतरांचा विचार बदलू शकतो. तेथे बसल्यावर मात्र समोरच्याचे आडनाव पाहून आपणही त्याचा निकाल आधीच लावून ठेवू नका. त्या चार मुलांच्या मातेविषयी विद्वानांनी केलेली चूक आपल्याकडूनही होऊ शकते.