इमारतीचं मॉडेल सर्वांना वाचता यावं म्हणून

सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेल शहरातला वास्तुविशारद फूट-इंचांत काम करतो आणि पुण्यातला स्ट्रक्चरल इंजिनिअर मिलिमीटरमध्ये. दोघांची सॉफ्टवेअरही वेगळी असली, तर एकाच इमारतीवर काम करायचं कसं? त्यासाठी आहे आयएफसी हा खुला फाइल-प्रकार. बिल्डिंगस्मार्ट ही आंतरराष्ट्रीय संस्था तो सांभाळते आणि 2013पासून त्याला आयएसओ 16739 या मानकाचा दर्जा आहे.

आयएफसी फाइल साध्या नोटपॅडमध्येही उघडते. प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो, भिंत, दार, मजला यांच्या नोंदी असतात आणि मापाचं एककही त्यातच लिहिलेलं असतं. प्रत्येक घटकाला 22 अक्षरांची स्वतंत्र ओळख मिळते, त्यामुळे तेच दार पुढच्या आवृत्तीतही ओळखता येतं.

गडबड होते ती मूळ मॉडेलमधून ही फाइल एक्स्पोर्ट करताना. भिंत 'भिंत' या वर्गाशी जोडलेली नसेल, तर ती 'प्रॉक्सी' म्हणजे अनोळखी वस्तू म्हणून बाहेर पडते. पडद्यावर ती अगदी ठीक दिसते, पण भिंतींची मोजणी करायला गेलं की हिशेबात येतच नाही! म्हणून पाठवण्याआधी फाइल वेगळ्या, मोफत व्ह्यूअरमध्ये उघडून पाहाच. मजले, वर्ग आणि आरंभबिंदू तपासा.

आणखी एक. आयएफसी प्रामुख्याने संदर्भासाठी आणि ताळमेळासाठी आहे. बदल मात्र मूळ मॉडेलमध्येच करावेत आणि फाइल नव्याने काढावी. मूळ सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं, तरी ही फाइल वाचता येईल. सार्वजनिक इमारतींच्या करारात तिची मागणी आवर्जून असायला हवी.