मागच्या ट्रॉलीवरची पाटी

दसरा-दिवाळी उरकली कीं बीड जिल्ह्यांतील आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, केज या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या. त्यांत भांडींकुंडीं, कोयते, शेरडें, लेंकरें आणि त्यांचे आईबाप. कांहीं टोळ्या सांगली-कोल्हापुराकडे थांबतात, कांहीं निपाणीवरून बेळगांवच्या मुलखांत शिरतात. 1956 पूर्वीं बीड हैदराबाद राज्यांत व बेळगांव मुंबई राज्यांत होतें. हद्द तेव्हांहि लागे, फक्त निराळ्या ठिकाणीं.

हद्द ओलांडली कीं कायदाहि बदलतो, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः 1988 चा मोटार वाहन कायदा साऱ्या देशाला एकच आहे. चालकाचा परवाना सर्वत्र चालतो. वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ परराज्यांत ठेवलें तरच तेथील क्रमांक घ्यावा लागतो. गाळपाचा हंगाम कांहीं महिन्यांचाच, तेव्हां बीडचा ‘एमएच 23’ बेळगांवांतहि तसाच राहतो. वाहनावरील कर हा मात्र ज्या त्या राज्याचा विषय असल्यामुळें त्याची चौकशी निघण्यापूर्वींच केलेली बरी.

खरी मेख आहे ती जोडणीची. कायद्याच्या दृष्टीनें ट्रॉली हें ट्रॅक्टरचें शेपूट नव्हे. तें स्वतंत्र वाहन होय. 61 व्या कलमाप्रमाणें तिचा स्वतःचा क्रमांक तिच्या बाजूवर हवा, आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा क्रमांकहि तिच्यावर हवा. ट्रॉल्या दोन असल्यास तो शेवटच्या ट्रॉलीवर लावावयाचा. कारण उघड आहे. मागून येणाऱ्यास पुढील ट्रॅक्टर दिसतच नाहीं. त्याच्यापुरतें वाहन म्हणजे शेवटची ट्रॉली. म्हणूनच मागें तांबडे परावर्तक हवेत, आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानें 155 मीटरांवरून दिसेल असा तांबडा दिवाहि हवा. परंतु भरल्या ट्रॉलीच्या मागें उसाचीं टोकें हात-हातभर बाहेर आलेलीं असतात. पाटी, परावर्तक, दिवा सारें त्यांखालीं झांकून जातें. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं हिवाळ्यांत पुण्याहून दक्षिणेस रात्रीचा प्रवास केला असेल, त्यांना ती एकाएकीं पुढें उभी राहणारी काळी भिंत आठवेल.

आणि ट्रॉलींत बसलेलीं माणसें? ट्रॉलीवरून जातांना जखमी झालेल्या एका मजुराचें प्रकरण 2007 सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आलें. विमा शेतीकामापुरता होता, ट्रॅक्टर वीटभट्टीच्या मातीसाठीं जुंपलेला. विमा कंपनीवर कायद्यानें जबाबदारी येत नाहीं, असें ठरलें. मजुराची स्थिति पाहून न्यायालयानें आपला विशेष अधिकार वापरला, कंपनीकडून त्यास भरपाई देवविली, आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीस दिली. असा विशेष अधिकार खालच्या न्यायासनांना नसतो.

मुकादमाच्या वहींत उचलीचा हिशेब पैन्‌पै लिहिलेला असतो. विम्याच्या कागदांत माणसें धरलीं आहेत कीं नुसता माल, हें निघावयाच्या दिवशीं क्वचितच कोणी वाचून पाहतो.