यंत्रमानवाची सूत्रे कोणाच्या हाती?

(पिंगुळी येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



कळसूत्री बाहुल्यांच्या गावात येऊन जपानी यंत्रमानवांच्या मालिकेविषयी बोलावे, हे काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांना चमत्कारिक वाटले असेल. पक्षापुढे प्रश्न थोडे आहेत काय, असेही कोणाच्या मनात आले असेल. परंतु सभेला न येणारी, पत्रक हातात दिले तर घडी घालून खिशात टाकणारी दहावी-बारावीची मुले रात्री पडवीत बसून मोबाइलवर काय पाहतात, याची चौकशी कोणी केली आहे काय? केली तर जपानी चित्रमालिकांची नावे ऐकावयास मिळतात. त्यांना अ‍ॅनिमे म्हणतात. त्यांतही प्रचंड पोलादी यंत्रमानवाच्या पोटात बसून एखादे पोर लढते, अशा कथांची एक स्वतंत्र शाखा आहे. तिचे नाव मेका. तरुणांचा राग आणि त्यांची स्वप्ने ज्या गोष्टींत गुंतली आहेत, त्या पोरखेळ म्हणून झटकून टाकणे चळवळीला परवडणारे नाही.

शिवाय हा प्रकार पिंगुळीला वाटतो तितका परका नाही. येथील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ या कला पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवल्या. त्यांतील एक साधक परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, हे सर्वांस ठाऊक आहेच. चित्रकथीत काय घडते? पोथीतले एकेक चित्र कथेकरी पुढे धरतो. चित्र जागचे हलत नाही. पण त्याचा आवाज आणि वाद्यांची साथ यांच्या जोरावर पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रामरावणाचे युद्ध उभे राहते. जपानातही असाच एक खेळ होता. त्याचे नाव कामिशिबाई. १९२९च्या जागतिक मंदीनंतर तेथील बेकार माणसे सायकलवर लाकडी चौकट बांधून गल्लोगल्ली फिरत, मुलांना मिठाई विकत आणि चौकटीत एकामागून एक चित्रे सरकवून गोष्ट सांगत. गोष्ट फुकट, पोट भरे ते मिठाईवर. पुढे युद्धकाळात सरकारने याच चौकटीतून युद्धप्रचार केला. दूरदर्शन संच आला तेव्हा जपानी लोक त्याला विजेवरची कामिशिबाई म्हणू लागले. १९६३ साली ओसामू तेझुका यांनी ‘तेत्सुवान आतोमु’ ही साप्ताहिक चित्रमालिका काढली, तेव्हा पैसा आणि वेळ दोन्ही अपुरे होते. म्हणून चित्रे कमी काढावयाची, पुष्कळसे दृश्य स्थिरच ठेवावयाचे आणि आवाजाने भरून काढावयाचे, अशी युक्ती त्यांनी केली. चित्रकथ्याला ही युक्ती कोणी शिकवावी लागली नव्हती.

यंत्रमानवाचा इतिहासही सूत्रांचाच इतिहास आहे. १९५६ साली मित्सुतेरू योकोयामा यांनी ‘तेत्सुजिन २८’ ही चित्रकथा सुरू केली. त्यातला अजस्र यंत्रमानव मुळात महायुद्धाच्या अखेरीस लष्करासाठी योजलेले शस्त्र. त्याला स्वतःचे मन नाही. एका पेटीवरची कळ फिरवावी तसा तो चालतो. पेटी मुलाच्या हाती असेल तर तो रक्षण करतो आणि चोरांच्या हाती गेली तर शहर मोडतो. अणुबाँबचे चटके सोसलेल्या देशाने शस्त्राविषयीचे आपले शहाणपण लहान मुलांसाठी इतक्या सोप्या भाषेत मांडले होते. १९७२च्या ‘माझिंगर झेड’मध्ये गो नागाई यांनी ती पेटी काढून टाकली आणि चालकालाच यंत्राच्या डोक्यात बसवले. म्हणजे सूत्रधार बाहुलीच्या आत शिरला. मुलांना ही कल्पना इतकी आवडली की यंत्रमानवांची धातूची खेळणी धडाधड खपू लागली. येथेच मिठाईची जागा खेळण्याने घेतली.

१९७९ साली योशियुकी तोमिनो यांच्या ‘मोबाइल सूट गंडम’ या मालिकेने या खेळाला युद्धाचे खरे रूप दिले. पृथ्वीवर माणसे मावेनाशी झाली म्हणून त्यांना अंतराळातील वसाहतींत पाठवले जाते. त्यांतील एक वसाहत स्वातंत्र्य पुकारते, आणि युद्धाच्या आरंभीच निम्मी मानवजात नष्ट होते. यंत्रात बसलेला मुलगा शूर वीर नाही, तो भेदरलेला आहे. दोन्ही बाजूंना माणसे आहेत आणि दोन्ही बाजूंचे सेनानी त्यांना वापरून घेतात. हे त्या काळच्या बालप्रेक्षकांना पचले नाही. खेळणी खपेनात, तेव्हा ५२ भागांची योजना ४३ भागांत गुंडाळावी लागली. मात्र १९८०पासून बांदाई कंपनीने त्याच यंत्रांचे जोडून करावयाचे प्लॅस्टिकचे नमुने विकावयास काढले आणि बंद पडलेली मालिका अमर झाली. युद्ध वाईट आहे, हे सांगणारी कथा युद्धयंत्रांच्या प्रतिकृती विकून जगली. ही विसंगती जपानी रसिकांनाही उमगलेली आहे. ती सुटत मात्र नाही.

या पार्श्वभूमीवर २०२५ची नवी मालिका पाहावी लागते. तिचे पूर्ण नाव ‘मोबाइल सूट गंडम जीक्वॅक्स’. नाव उच्चारताना जिभेची कसरत होते, त्याला इलाज नाही. दिग्दर्शक काझुया त्सुरुमाकी, लेखनात हिदेआकी आन्नो यांचाही हात. एप्रिल ते जून अशा १२ भागांत ती जपानी दूरचित्रवाणीवर झाली आणि प्राइम व्हिडिओवरून जगभर गेली. कल्पना अशी की, मूळ कथेत हरलेला पक्ष येथे युद्ध जिंकला आहे. त्या विजयानंतर काही वर्षांनी, एका तटस्थ वसाहतीत, माचू या टोपणनावाची एक शाळकरी मुलगी राहते. घर सुखवस्तू आहे, शाळा बरी आहे, परंतु डोक्यावरचे आकाश खोटे आहे आणि पायाखालची जमीनही फिरणाऱ्या नळकांड्याच्या आतली. तिला पृथ्वीवरचा खरा समुद्र पाहावयाचा आहे. स्थानकावरच्या गर्दीत तिची धडक न्यान नावाच्या मुलीशी होते. न्यान युद्धातून वाचलेली निर्वासित आहे आणि चोरटा माल पोहोचवून पोट भरते. दोघी जवळपास एकाच वयाच्या. एकीला कंटाळा येण्याची चैन परवडते, दुसरीला ती नाही.

पहिल्या भागातच पोलिसांची यंत्रे निर्वासितांच्या वस्तीत शिरतात आणि घरे तुडवतात. माचू ते पाहते. तिचा संताप अनावर होतो आणि त्या भरात ती युद्धयंत्रात चढून पोलिसांवर चालून जाते. ही काही मिनिटे फार प्रभावी आहेत. आधी वस्ती दिसते, पाठोपाठ पोलाद येते, आणि वरून पाहिले तर पत्र्यांखालची माणसे दिसतच नाहीत. कोकणातल्या चाकरमान्यांच्या घरांत ज्यांना मुंबईचा जुलै १९८१ आठवतो, पदपथावरील झोपड्या मोडून माणसांना बसमध्ये कोंबून शहराबाहेर सोडण्याचा तो पावसाळा आठवतो, त्यांना हे दृश्य भविष्यातले वाटणार नाही. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कात येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने त्याच प्रकरणात १९८५ साली मान्य केले. पण पदपथावर राहण्याचा हक्क मात्र दिला नाही. तिलारीच्या खोऱ्यातल्या धरणग्रस्तांना तर यंत्रमानवाचीही गरज लागली नव्हती. पाणी पुरेसे होते.

मग त्या संतापाचे पुढे काय होते? माचूला एका बेकायदा आखाड्यात उतरवले जाते. तेथे यंत्रांच्या जोड्या झुंजतात, त्यांवर पैजा लागतात, जिंकेल त्याला रक्कम मिळते. ज्या मुलीने पोलिसी अत्याचार पाहून यंत्र हाती घेतले, ती पाहता पाहता झुंजीतला कोंबडा होते. मालिकेला ही शोकांतिका दिसते की नाही, याविषयी आरंभीच्या भागांवरून शंका वाटते. झुंजी इतक्या वेगाने आणि इतक्या देखण्या रंगांत चितारल्या आहेत की पाहणाऱ्याने आखाड्याच्या कठड्याशी उभे राहून आरोळ्या ठोकाव्यात, हीच अपेक्षा दिसते. माचू सूत्रधार म्हणून यंत्रात बसली आहे. तिची सूत्रे पैज लावणाऱ्यांच्या बोटांना बांधलेली आहेत.

आणि त्यांच्याही मागे कोण आहे? मार्च २०२४ला संपलेल्या वर्षात बांदाई नामको समूहाला एकट्या ‘गंडम’पासून १४ हजार कोटी येनांहून अधिक उत्पन्न झाले. २०२४ सालीच संयुक्त राष्ट्रांच्या एका कार्यगटाने जपानविषयीच्या आपल्या अहवालात नवोदित अ‍ॅनिमे चित्रकारांचे वार्षिक उत्पन्न १५ लाख येन इतके अल्प असल्याचे नमूद केले. प्रदीर्घ कामाचे तास आणि कराराअभावी होणारी पिळवणूक हीही त्यात आली. दोन मुख्य चित्रांच्या मधली शेकडो चित्रे काढण्याचे कष्टाचे काम तर कित्येकदा कोरिया, चीन, फिलिपिन्स येथे पाठवले जाते. पडद्यावरचा यंत्रमानव हात उचलतो तेव्हा तो या माणसांच्या मनगटांनी उचललेला असतो. पिंगुळीच्या खेळात बाहुलीची सूत्रे ज्याच्या बोटांत असतात तो निदान गावकऱ्यांना ठाऊक असतो. त्याला बिदागी मिळाली की नाही, हेही कळते.

म्हणून मुलांनी ही मालिका पाहू नये, असे म्हणणे अगदीच व्यर्थ आहे. ती पाहतीलच, आणि पहिल्या भागातली ती चीड त्यांनी पाहिलीच पाहिजे. कार्यकर्त्यांनी त्यांच्या शेजारी बसून तो भाग पाहावा आणि मुलांना काय दिसले ते ऐकून घ्यावे. उपदेश आवरावा. न्यानचे घर कोणते, तिला खोटी कागदपत्रे का लागतात, पोलीस त्याच वस्तीत का शिरले, हे प्रश्न मुलेच विचारतील. दुसरा भाग लागल्यावर त्यांना आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. तुडवलेल्या त्या घरांत पुन्हा कोण राहावयास आले, हे तेथे दाखवलेले नाही. कथा तोवर काही वर्षे मागे, जुन्या युद्धाकडे आणि जुन्या लोकप्रिय सेनानीकडे निघून गेलेली असते.