औषधाची चिठ्ठी कोणी सांभाळायची?



मुलांना शिकवून घराला काय उपयोग, असा प्रश्न पालक पुष्कळदा विचारतात. त्याचे एक साधे उत्तर मी आज देणार आहे. घरात अब्बा, अम्मी किंवा दादी रोजची गोळी घेत असतील, तर त्यांची चिठ्ठी वाचणे व सांभाळणे हे शिकलेल्या मुलाचे काम आहे.

रक्तदाब किंवा मधुमेह हा ताप-खोकल्यासारखा आजार नव्हे. गोळीने रक्तदाब उतरतो, माणसाला बरे वाटते आणि "आता कशाला गोळी?" म्हणून ती बंद होते. रक्तदाब पुन्हा चढतो, पण बहुधा कसलाही त्रास जाणवत नाही. अर्धांगवायूचा झटका आला म्हणजे मग घर जागे होते. नेहमी निष्काळजीपणाच असतो असेही नाही. पाटण किंवा जत तालुक्यातील वाडीवरून गोळ्यांसाठी गावी जायचे तर दिवसाचा रोजगार बुडतो.

ही अडचण ओळखून नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम पाच राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातील पहिल्या चार जिल्ह्यांत आपला सातारा होता. ठरावीक औषधे, त्यांचा अखंड साठा, घराजवळच्या केंद्रातून महिन्याच्या गोळ्या आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, एवढीच त्यातील युक्ती. जे सरकारी दवाखान्यात होऊ शकते, ते आपल्या घरातही झाले पाहिजे.

आता चिठ्ठीविषयी. १९४५ च्या औषध नियमांप्रमाणे चिठ्ठीवर डॉक्टरांची सही व तारीख, रुग्णाचे नाव व पत्ता, औषधाचे एकूण प्रमाण आणि मात्रा हवी. पुन्हा औषध देण्याविषयी डॉक्टरांनी लिहिले नसेल, तर त्या चिठ्ठीवर औषध एकदाच देता येते. म्हणून जुनी, पिवळी पडलेली चिठ्ठी पाहून दुकानदार नाही म्हणाला, तर त्याच्यावर रागावू नका. डॉक्टरांकडे गेलात की तिथेच विचारा, "ही औषधे किती महिने चालू ठेवायची? तसे चिठ्ठीवर लिहून द्याल का?"

औषधविक्रेता हा किराणा दुकानदार नव्हे. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार चिठ्ठीवरील औषध देणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे काम आहे. गोळी जेवणापूर्वी की नंतर, दुसऱ्या औषधाबरोबर चालेल का, हे त्याला मोकळेपणाने विचारा. मुंबईहून मुलाने एका नावाची गोळी पाठवली आणि सांगलीत दुसऱ्या नावाची मिळाली, तर दोन्हींत औषध एकच असू शकते. दोन्ही घेतल्या तर मात्रा दुप्पट होते. म्हणून घरातील सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून एकदा त्याला दाखवा. स्वस्त जनऔषधी गोळी हवी असेल, तर डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहायला सांगा. चिठ्ठीवरील औषध बदलण्याचा अधिकार दुकानदाराला नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचे काम चार गोष्टींचे. एका वहीत औषधाचे नाव, मात्रा व वेळ लिहा. गोळ्या किती दिवस पुरतील ते मोजून, संपण्याच्या आठ दिवस आधीच्या तारखेवर कॅलेंडरमध्ये खूण करा. सुट्या गोळ्या घेताना मुदतीची तारीख असलेला पट्टीचा भाग कापून दुकानात राहणार नाही, हे पाहा. आणि शेजाऱ्याची गोळी, कितीही गुणकारी असली, तरी घरात घेऊ देऊ नका.

रमजानविषयी एक शब्द. दुपारची गोळी सहरीला ढकलणे किंवा मधुमेहाची मात्रा मनाने कमी करणे धोक्याचे आहे. महिना सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटून वेळापत्रक लिहून घ्या आणि ते फार्मासिस्टलाही दाखवा. रोजे ठेवणे आपल्या प्रकृतीला झेपेल का, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावे.

पालकहो, यासाठी मोठी पदवी लागत नाही. सातवी-आठवीतील मुलगी ही वही उत्तम सांभाळील. तिला ते काम द्या आणि तिने विचारलेल्या प्रश्नाला "तुला काय कळते?" असे उत्तर देऊ नका. घरातील वडीलधाऱ्यांची गोळी वर्षभरात एक दिवसही चुकली नाही, तर तिचे शिक्षण सार्थकी लागले असे मी म्हणेन.