पोहणाऱ्या मुलांचा पहिला हंगाम
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आपणांसमोर दोन शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने केली, याबद्दल आम्ही उभयता मंडळाचे ऋणी आहोत. आम्ही जलतरणातील तज्ज्ञ नव्हे. एका पोहणाऱ्या मुलीचे आईबाप, एवढाच आमचा अधिकार. परंतु यंदा ज्ञातीतील काही घरांतली मुले उन्हाळी वर्ग आटोपून प्रथमच स्पर्धेच्या पाण्यात उतरत आहेत. आम्हांस ज्या ठेचा लागल्या त्या इतरांस लागू नयेत, म्हणून हे चार अनुभवाचे बोल.

आपले वाडवडील विहिरीत पोहायला शिकले. पाठीला भोपळा बांधावा, वडीलधाऱ्याने वरून ढकलून द्यावे, नाकातोंडात पाणी जावे आणि थोड्याच दिवसांत पोराने भोपळा टाकून द्यावा, अशी ती शाळा. त्यामुळे पोहता येणे म्हणजे न बुडणे, अशी आपली समजूत. स्पर्धेचे पोहणे याहून निराळे. तेथे फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय असे चार प्रकार असून त्यांचे नियम काटेकोर आहेत. ब्रेस्टस्ट्रोक व बटरफ्लाय यांत भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत. बॅकस्ट्रोकची शर्यत पाठीवर असतानाच संपवावी लागते. भिंत जवळ आल्याचे कळावे म्हणून तिच्यापासून ५ मीटरांवर पताका टांगतात. इशाऱ्याआधी सूर मारणारा बाद होतो. आणि एकदा पंचांनी बाद ठरविले की मूल कितीही वेगाने पोहलेले असो, ती वेळ धरली जात नाही.

यांतल्या एका नियमाने आम्हांस जो धडा दिला, तो सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमची कन्या तेव्हा नऊ वर्षांची होती. पहिलीच स्पर्धा, ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोक. ती सर्वांच्या पुढे होती. आम्ही तर आनंदाने उभेच राहिलो. शेवटी घाईत तिचा उजवा हात आधी लागला आणि पंचांनी तिला बाद केले. ती ओलीचिंब आमच्याकडे आली, तेव्हा तिच्या अंगावर पंचा टाकण्याऐवजी चारचौघांत आम्ही बोललो, "एवढी साधी गोष्ट कळू नये?" पोर काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने पोहण्याची पिशवी भरली नाही. पुढे तीन आठवडे ती तलावावर गेली नाही. प्रशिक्षकांना भेटलो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तिची चूक मी दोन दिवसांत सुधारीन. तुमच्या बोलण्याचे काय करू?" त्या दिवशी आमची मान खाली गेली ती खरी. घरी येऊन आम्ही मुलीची क्षमा मागितली. आईबापांनी लेकराची क्षमा मागण्याचा प्रघात आपल्यात नाही, हे आम्ही जाणतो. पण ती मागितल्याने आमचा मान कमी झाला नाही. ती परत गेली. पुढच्या शर्यतीत पाचवी आली, दोन्ही हात नीट लावून आली, आणि आम्ही एवढेच विचारले, "भूक लागली का?"

आता व्यवहाराच्या काही गोष्टी. वयोगट जन्मतारखेवरून ठरतात, म्हणून जन्मदाखल्याची प्रत सदैव जवळ असावी. पिशवीत टोपी, दोन पंचे आणि गॉगलची एक जादा जोडी ठेवावी. ऐन वेळी गॉगलचा पट्टा तुटतो, हा आमचा अनुभव. खाणे हलके असावे: इडली, केळे, गूळपोळीचा तुकडा. तळलेले पदार्थ शर्यत संपेपर्यंत डब्यातच राहू द्यावेत. पाण्यात असले तरी मुलांना घाम येतो, म्हणून पिण्याचे पाणी विसरू नये. आणि मनाची तयारी अशी ठेवावी, की ४० सेकंदांच्या शर्यतीसाठी चार तास बसावे लागेल.

पुष्कळ पालक विचारतात, "आमच्या मुलाला कडेची लेन का दिली?" त्यात अन्याय नाही. आधीच्या वेळा पाहून वेगवान मुलांना मधल्या लेन देण्याची पद्धत आहे. नवख्या मुलाची वेळच नोंदलेली नसते, म्हणून तो कडेला जातो. अशा मुलाने शेजारच्याकडे पाहू नये, स्वतःच्या मागच्या वेळेकडे पाहावे. एक वही करून प्रत्येक शर्यतीची वेळ तीत लिहावी. क्रमांक दहावा असला आणि वेळ दोन सेकंदांनी सुधारली असली, तर त्या दिवशी घरी गोड करावे. काठावरून "हात मार, पाय मार" असे ओरडणे मात्र कटाक्षाने टाळावे. शिकविणे प्रशिक्षकांचे काम; आपले काम नेणे, आणणे आणि जेवू घालणे.

धीराचे उदाहरण हवे असेल तर दूर जावयास नको. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले. कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांनी २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळविले. आपले प्रत्येक मूल तेथवर जाईल असे नव्हे. पण पहिल्या हंगामातच ज्याचे मन मोडले, ते कोठेच जाणार नाही.

शेवटी एक विनंती. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की "आता पुरे" म्हणून तिचे पोहणे बंद करणारी घरे आपल्यात अद्याप आहेत. ज्या वयात अंगी बळ येते, त्याच वयात तिला पाण्याबाहेर काढणे हा तिच्यावर अन्याय होय. तसेच तलावाची फी ज्यांना जड जाते अशा कुटुंबांसाठी मंडळाने एक लहानसा निधी उभारावा. त्यात पहिली भर आम्ही आजच घालीत आहोत.