देवाचा शब्द



पऱ्हाटी हातची गेली की मन खचते. देव कुठं गेला, असे आम्हां नागपूरकडच्या लोकांनाही वाटते.

देहूच्या तुकोबांवर हीच वेळ आली होती. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. त्यात त्यांची पहिली बायको गेली, मुलगा गेला. दुकान बुडाले. तरी विठोबावरचा भरवसा त्यांनी सोडला नाही. आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असे सांगतात. त्या कर्जदारांना तर देवच भेटला!

संकट येणारच नाही, असा देवाचा शब्द नाही. संकटात तो सोडणार नाही, हा त्याचा शब्द आहे. तो माणसाच्या हातून मदत धाडतो. म्हणून दुःख मनात कोंडू नका. घरी बोला, शेजाऱ्याला सांगा. आणि शेजारी खचला, तर आपण त्याच्या दारी जाऊ या.