अम्माचा शालू

आमची वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत गेली. मी शाळेत होतो तेव्हा ती खेडंच होती. गॅदरिंगच्या नाटकात मला राणीचं काम मिळालं आणि अम्मानं पेटीतून तिच्या लग्नातला बनारसी शालू काढला. स्वतः नेसवला. "मुसलमानाचं पोर लुगडं नेसणार?" शेजारच्या चाचांनी विचारलं. ती म्हणाली, "विणणारा अन्सारीच असेल की!"

बालगंधर्व रंगभूमीवर खरेखुरे शालू आणि पैठण्या नेसत. त्यांची गंधर्व नाटक मंडळी १९१३ सालची. पुढे ती कर्जात बुडाली, त्यात या हौसेचाही वाटा होता. पण घरंदाज बायका त्यांचं पाहून नेसायला शिकल्या. जपानच्या नो नाटकात उलटं. तिथं सरदार अंगावरची वस्त्रं उतरवून नटांना बक्षीस देत. आपल्याकडे रंगभूमीनं घराला नेसवलं! आणि बालगंधर्वांच्या साथीला कोण? तबल्यावर थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष.

आमच्या नाटकात पदर खिळ्याला अडकून टर्रकन फाटला. मी तो घडीत लपवून पेटीत ठेवला. पुढच्या ईदला अम्मा पेटी उघडायला बसली, तेव्हा मी घरात थांबलो नाही.